गाडी मिळणार नाही

फ्रीमाँट
रविवार, २ जून १९८५

कुमार,

तुझं पत्र मिळालं. जानेवारीत गेल्यापासूनचं पहिलं पत्र, आणि विषय काय, तर गराजमधली मोटरसायकल! तुझा दोस्त अतुल ऑगस्टमध्ये ट्रक भाड्याने घेऊन तुझ्याकडे टेक्ससला, प्लेनोला राहायला येतोय, ट्रकमध्ये जागा आहे, तरी गाडी त्याच्या ताब्यात द्यावी. खाली 'दीपास आशीर्वाद'. दीपा मार्चमध्ये दहा वर्षांची झाली. त्या दिवशी ती संध्याकाळभर फोनपाशी बसली होती, त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. मोटरसायकलची चौकशी मात्र साग्रसंगीत: ताडपत्री नीट आहे ना, ओल लागत नाही ना.

गाडी मिळणार नाही.

पुढचं वाचायचं नसेल तर इथेच थांब. पण कारण ऐकायची तुला सवय नाही म्हणूनच मी ते लिहिणार आहे.

तू गेलास तेव्हा घरातली कार घेऊन गेलास. 'तिकडे बस्तान बसलं की दोन महिन्यांत तुम्हाला बोलावतो' म्हणालास. मी वाटेत खायला थालीपीठं करून दिली, ॲरिझोनाच्या वाळवंटात काय मिळणार म्हणून. मग मार्चमध्ये, त्याच वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, मी तुला फोन केला आणि एका बाईने उचलला. शुद्ध मराठीत म्हणाली, 'कुमार अंघोळ करतोय. काही निरोप आहे का?' तेव्हा कळलं की विनीता नुसती तुझ्या ऑफिसात नाही, घरातही आहे. निरोप काय देणार होते मी? थालीपीठाचा डबा परत पाठवायला सांगा म्हणाले. अजून आलेला नाही.

एप्रिलपासून मी मिलपिटासला एका कंपनीत सर्किट बोर्ड तपासायचं काम करते. फिजिक्सची बी.एस्सी. बारा वर्षं तुझ्या शर्टांना इस्त्री करत होती, ती कामाला लागली. मुलाखतीत विचारलं, 'यू ड्राइव्ह?' मी खुशाल 'येस' म्हणाले. रोज ने-आण समोरच्या शोभाचा नवरा गिरीश करतो, त्याचं ऑफिस त्याच रस्त्यावर आहे. पण ऑगस्टअखेर ते सॅन होजेला नव्या घरी जाताहेत. बस त्या बाजूला धड जात नाही. म्हणजे सप्टेंबरपासून मला वाहन नसेल तर नोकरी नाही, आणि नोकरी नसेल तर एक तर दीपाला घेऊन पुण्याला परत, नाही तर तुझ्या मेहेरबानीवर. दोन्हीपैकी काहीही मी करणार नाही.

काल ताडपत्री काढली. चार वर्षांपूर्वी पलीकडच्या म्हाताऱ्याकडून तू ही जुनी जपानी मोटरसायकल घेतलीस, 'रविवारी रविवारी दुरुस्त करीन' म्हणून. तुझा तो रविवार काही उजाडला नाही. सीटचा फोम उंदरांनी नेऊन एअर फिल्टरच्या डब्यात घर केलंय. दोन्ही टायर बसलेत, साखळी गंजून काठीसारखी ताठ आहे, टाकीत पेट्रोलऐवजी काळपट चिकटा आहे आणि तिच्या आतून गंजाचे पापुद्रे पडतात. मी ती दुरुस्त करणार आहे आणि तिच्यावरून कामाला जाणार आहे.

मालकीचा गुलाबी कागद तुझ्या नावाचा आहे आणि तो तू फाइलीसकट नेला आहेस. त्याच्या मागे सही करून पाठव. सहीशिवाय डीएमव्हीत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय मला गाडी रस्त्यावर काढता येणार नाही. एवढंच तुझ्याकडून हवंय. बाकी तुझं तुला लखलाभ.

उत्तरा


फ्रीमाँट
रविवार, २३ जून

कुमार,

'साधा बल्ब बदलता येत नाही तुला, आणि कार्ब्युरेटर उघडणार?' हे वाक्य तू पत्रात लिहिलंस, टपालाचं तिकीट लावलंस आणि पेटीत टाकलंस. रागाच्या भरात तोंडून गेलं असतं तर समजू शकते. हे तू पाकिटात घालून धाडलंस.

बल्ब बदलता येत नाही कारण बदलू दिला नाहीस. मी स्टुलावर चढले की तू धावत यायचास, 'पडशील, शॉक लागेल, सरक.' पहिल्या वर्षी मला त्याचं कौतुक वाटायचं. आईला पत्रात लिहिलं होतं, फार जपतात म्हणून. कार शिकवायला तू मला एकदाच त्या सुपरमार्केटच्या पार्किंग लॉटमध्ये नेलंस, आणि असा काही ओरडलास की दुकानातला सिक्युरिटीवाला बाहेर येऊन मला विचारायला लागला, 'मॅम, आर यू ऑल राइट?' घरी येताना गाडी तूच चालवलीस. त्यानंतर विषय बंद. आणि मग मंडळाच्या कार्यक्रमात चारचौघांत हसून सांगायचास, 'उत्तराला ड्रायव्हिंगची भीती वाटते.' सगळे हसायचे. मीही हसायचे, त्याची आता लाज वाटते.

आता लिहितोस, सही करणार नाही, 'कारण तू स्वतःला इजा करून घेशील, काळजीपोटी सांगतोय.' तुझी काळजी म्हणजे कुलूप आहे, कुमार. किल्ली खिशात टाकून तू टेक्ससला निघून गेलास.

तुला माहीत असायला हवं, पण तू कधी विचारलंच नाहीस, म्हणून सांगते. कॉलेजात असताना मी बाबांची स्कूटर लक्ष्मी रोडवरून चालवली आहे, मागे बाबांना बसवून, त्यांच्या मांडीवर चक्कीचं दळण देऊन. सकाळी सुरू होत नसेल तर तिला कशी आडवी कलती करायची, चोक कधी सोडायचा, पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळून घ्यायचं, हे मला झोपेतून उठवून विचार. ऑइलचा डबा कालच आणून ठेवलाय. हे तरी मला मेकॅनिकल इंजिनिअरकडून शिकायला नको.

तर काय झालंय ते ऐक. लायब्ररीतून दुरुस्तीचं पुस्तक आणलं. चित्रं बघत कार्ब्युरेटर काढले. दोन आहेत, जुळे. आतल्या पितळेच्या बारीक नळ्या, ज्यांतून पेट्रोल जातं, त्या चिकट्याने पार बुजल्या होत्या. पुस्तकात कसलंसं केमिकल सांगितलं होतं, त्याच्या वासाने दीपाला खोकला आला. पितळच ना शेवटी? कोपऱ्यावरच्या मेक्सिकन दुकानातून चिंच आणली. गणपतीच्या आधी आपण ताम्हन-पळी घासतो तशा त्या नळ्या चिंच-मिठात टाकल्या आणि सकाळी दात कोरायच्या काडीने साफ केल्या. सोन्यासारख्या निघाल्या. मग तेच टाकीला केलं: भांडंभर चिंचेचं पाणी, त्यात मूठभर नटबोल्ट, आणि टाकी कडेवर घेऊन खुळखुळ्यासारखी हलवायची. गंज लाल रश्श्यासारखा बाहेर आला.

पुढचं चाक काढलं आणि टायर बदलायला बसने घेऊन गेले. ड्रायव्हर म्हणाला, 'बाकीची गाडी कुठे आहे?' सगळी बस हसली, पण मला जागा दिली. पार्ट्सच्या दुकानातला माणूस मात्र माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिला. 'विल युअर हजबंड बी पिकिंग धिस अप?' मी म्हटलं, 'माय हजबंड इज इन टेक्सस. द मोटरसायकल इज हिअर.' त्यानंतर तो माझ्याकडे बघून बोलायला लागला.

शेवटी लिहितोस, 'आईला यातलं काही कळू देऊ नकोस, तिचं ब्लडप्रेशर.' दर पंधरा दिवसांनी सासूबाईंना पुण्याला मीच पत्र लिहिते, अजूनही. आम्ही सर्व मजेत, यांना कामामुळे लिहायला होत नाही. त्या खोट्याचा खर्च तू माझ्याकडून करवून घेतोयस आणि वर सूचना देतोयस.

सही पाठव.

उत्तरा


फ्रीमाँट
रविवार, २१ जुलै

कुमार,

माझा उजवा पाय उशीवर आहे आणि घोटा वांग्याएवढा झालाय. मोडलेला नाही. डॉक्टरने सांगितलंय, तीन आठवडे किक मारायची नाही. का झालं ते सांगते, कारण अर्धं तुला दीपाकडून कळलंच आहे.

गेल्या शनिवारी सगळं जोडून झालं. बॅटरी नवी, पेट्रोल ताजं, त्यात बाबांच्या स्कूटरच्या मापाने ऑइल मिसळलेलं. किक मारून मारून घामाघूम झाले, गाडी हूं की चूं करेना. मग मी पुण्यात जे केलं असतं तेच केलं. हँडल धरून गाडी बाजूला कलती केली, पेट्रोल उतरावं म्हणून. बाबांची स्कूटर मुलीच्या जातीला पेलायची. ही म्हैस आहे. ती माझ्यासकट आडवी झाली, क्लचचा दांडा तुटला, पेट्रोल गराजभर, आणि माझा पाय खाली. दीपा धावत आली. तिने आणि मी मिळून गाडी वर कशी केली ते मला आठवत नाही. ती रडत म्हणाली, 'मॉम, प्लीज, लेट्स जस्ट कॉल डॅड.'

मला पाय दुखला त्यापेक्षा ते जास्त लागलं. मी तिच्यावर ओरडले, 'डॅड काय करणार आहे? अंघोळ?' तिला अर्थ कळला नाही, ते बरं झालं.

तिला म्हटलं, सरक. आणि त्याच सुजलेल्या पायाने अजून एक किक मारली. सुरू झाली! धडधड धडधड, आणि मागून जो धूर सुटला, कुमार, तसा धूर मी होळीलाही पाहिलेला नाही. पांढरानिळा, दाट. गराज भरलं, ड्राइव्हवे भरला, शोभाच्या घरापर्यंत गेला. इंजिन फटफटून बंद पडलं. तोवर कोणीतरी फोन केला होता. लाल बंब आला, घंटा वाजवत. हेल्मेटवाले चौघे धुरातून आत आले आणि त्यांना एका पायावर उभी असलेली मी आणि हातात चहाचं पातेलं घेऊन उभी असलेली शोभा दिसली. आग विझवायला तिने चहाच आणला होता.

प्लग काढून पाहिले तर दोन्ही काजळीने माखलेले. रात्रभर पुस्तक चाळलं आणि मग एका पानावर मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. स्कूटर टू-स्ट्रोक, तिला पेट्रोलमध्ये ऑइल लागतं. ही गाडी फोर-स्ट्रोक. हिचं ऑइल वेगळं, इंजिनाच्या पोटात. हिच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालायचंच नसतं. मी फिजिक्सवाली, मला हे मुखपृष्ठावरच कळायला हवं होतं. पण पुण्यात ज्याच्या घरी दुचाकी होती त्याला विचार, पंपावर ऑइल घालतात म्हणजे घालतात, त्यात शंका कसली.

इथवर माझी चूक. माझी मी निस्तरेन.

पण गुरुवारी तुझा फोन आला. दीपाने तुला धुराची हकिगत सांगितली आणि तू हसलास. मी रिसीव्हर घेतला तरी तू हसतच होतास. 'मला वाटलंच होतं,' म्हणालास, 'ती फोर-स्ट्रोक आहे, तुझ्या बाबांची स्कूटर नाही. तुझ्या पत्रात ते ऑइलचं वाचलं ना, तेव्हाच मी विनीताला म्हटलं, आता बघ गंमत.' आणि मागून तिचंही हसू ऐकू आलं.

म्हणजे तुला माहीत होतं. माझं पत्र पोचल्यापासून माहीत होतं. एक फोन, एक ओळ, 'ऑइल घालू नकोस' एवढे तीन शब्द. ज्या माणसाने मला काळजीपोटी बल्ब बदलू दिला नाही, तो मी पेट्रोलचा धूर काढायची वाट बघत बसला होता. गराजच्या वर दीपाची खोली आहे. खाली पेट्रोल सांडलेलं होतं आणि मी किक मारत होते. ठिणगी पडली असती तर? तेव्हा तुम्ही दोघं काय करणार होतात, टाळ्या देणार होतात?

विनीताचा मला राग आला होता. आता येत नाही. ती मला ओळखत नाही. तू ओळखतोस.

तुझ्याशी बोलताना मी फोन ठेवला तो आपटून ठेवला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. दीपा समोर होती.

उत्तरा


फ्रीमाँट
रविवार, ११ ऑगस्ट

कुमार,

काल सकाळी अतुल ट्रक घेऊन आला. खाली मान घालूनच आला. 'उत्तरावहिनी, मला यात पाडू नका यार. कुमार म्हणाला लोड कर अँड बस. मी फक्त पिकअप करायला आलोय.'

मी म्हटलं, 'कर की लोड. दार उघडं आहे.'

तो आत गेला. दीपा मोटरसायकलवर बसून पुस्तक वाचत होती. मी तिला बसवलं नव्हतं, हे तुला सांगून ठेवते, कारण तू म्हणशील मी पोरीला पढवते. अतुल म्हणाला, 'दीपा बेटा, खाली उतरतेस का जरा?'

ती पान उलटत म्हणाली, 'नो.'

'अगं, डॅडची गाडी आहे ना ती.'

'इट्स माय मॉम्स. शी क्लीन्ड इट विथ चिंच.'

अतुल तिथेच उभा राहिला. मग मला म्हणाला, 'वहिनी, चहा आहे का?' चहा घेतला, पोहे घेतले, कार्ब्युरेटर बघून 'चिंचेने? खरंच?' असं दोनदा विचारलं, आणि ट्रकमधला आपला सोफा नि टीव्ही घेऊन निघून गेला. जाताना म्हणाला, 'त्याला काय सांगू?' मी म्हटलं, जे पाहिलंस ते.

संध्याकाळी तुझा फोन. आवाज तोच पार्किंग लॉटमधला. 'टायटल माझ्या नावावर आहे. तू ती रस्त्यावर काढ तर खरी, मी पोलिसांत चोरीची तक्रार करतो.'

तुझ्या मुलीच्या आईवर तू चोरीची तक्रार करणार. मी फोन खाली ठेवला. मग ऑपरेटरला पुण्याचा नंबर दिला.

तुझ्या आईकडे फोन नाही, शेजारी दातारांकडे आहे. तिकडे रविवारची सकाळ. दातारांचा अख्खा संसार भोवती उभा असणार हे मला माहीत होतं. आणि बारा वर्षांत त्यांनी एकदाही माझी बाजू घेतलेली नाही. तुला आठवत असेल, भाजीत मीठ जास्त झालं तरी 'कुमारला अशी आवडत नाही' म्हणायच्या. तरी मी सगळं सांगितलं. जानेवारी, विनीता, नोकरी, मोटरसायकल, धूर, पोलीस. 'आम्ही सर्व मजेत' हे मार्चपासून खोटं होतं हेही सांगितलं. लाइनवर खरखर तेवढी ऐकू येत होती. वाटलं, चक्कर आली की काय त्यांना.

मग त्यांनी विचारलं, 'घर कुणाच्या नावावर आहे?'

'दोघांच्या.'

'आणि ती गाडी?'

'त्यांच्या.'

'मग गाडीचंच बघायला हवं,' म्हणाल्या.

तुझे वडील गेले तेव्हा तुझ्या काकांनी घरातलं शिवणयंत्र उचलून नेलं, पावती त्यांच्या नावाची होती म्हणून. सासूबाई लोकांचे ब्लाउज शिवून तुला शिकवत होत्या, त्याच यंत्रावर. मला हे काल कळलं. दातारांच्या दिवाणखान्यात उभं राहून, सगळ्यांच्या देखत, त्यांनी ते मला सांगितलं. पुन्हा यंत्र घेईपर्यंत त्या हाताने शिवत होत्या. तुला आठवतं की नाही कुणास ठाऊक. तू नऊ वर्षांचा होतास, आठवायला हवं.

शेवटी म्हणाल्या, 'त्याचा नंबर सांग. दातार लावून देतील.' मी सांगितला. तेव्हा तुझ्याकडे रात्रीचं जेवण चाललं असेल. त्यांनी तुला काय सुनावलं ते मी विचारणार नाही, पण रडू आलं असेल तर बरंच झालं.

उत्तरा


फ्रीमाँट
रविवार, १ सप्टेंबर

कुमार,

गुलाबी कागद मिळाला. सही केलेला. सोबतच्या चिठ्ठीत तुझी एकच ओळ: 'आईला सांग मी सही केली.' सांगितलं. त्या 'बरं' म्हणाल्या आणि दीपाच्या शाळेचं विचारायला लागल्या.

नोंदणी झाली. लेखी परीक्षा आधीच झाली होती. गुरुवारी डीएमव्हीच्या आवारात प्लास्टिकच्या शंकूंमधून गाडी फिरवून दाखवली आणि लायसन्स मिळालं. तपासनीस बाईने विचारलं, कुठे शिकलीस? मी म्हटलं, पुणे. तिला वाटलं इथलंच एखादं गाव असेल. शोभा-गिरीशचं सामान काल हललं. उद्या लेबर डेची सुट्टी आहे. मंगळवारी सकाळी मी वॉर्म स्प्रिंग्जच्या रस्त्याने कामाला जाईन, फ्रीवे न घेता. गिरीशने जाताना त्याचं जुनं हेल्मेट दिलं, ते मोठं होतं म्हणून आत रुमाल बांधते.

तर तुझ्याकडून जे हवं होतं ते मिळालं आणि पत्र इथे संपायला हरकत नाही. पण या सगळ्या पत्रांत मी तुला पोटभर बोलले आहे आणि एक गोष्ट गिळली आहे. ती आतल्या आत कुजतेय, म्हणून लिहिते.

पाय बरा झाल्यावर, मागच्याच्या मागच्या शनिवारी, मी पहिल्यांदा किकवर पाय ठेवला. टाकीतलं ऑइलचं पेट्रोल सगळं काढून टाकलं होतं, प्लग नवे होते, क्लचचा दांडा नवा होता. कलती-बिलती केली नाही. चोक ओढला, किक मारली. दुसऱ्या किकला सुरू झाली. धूर नाही, फटफट नाही. एकसारखा, गोल आवाज. दोन्ही सिलिंडर एका तालात. इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि तो माझ्या हातून झाला होता.

आणि मी काय केलं असेन? स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून गळा फाडून ओरडले, 'अहो! ऐकलंत का? सुरू झाली!'

पत्रात तुला कुमार आणि तू लिहिणं सोपं जातं, रागात हात चालतो. तोंडाला ते अजून कळलेलं नाही. बारा वर्षं काहीही चांगलं झालं, पोळी टम्म फुगली, दीपा पहिलं पाऊल टाकून उभी राहिली, की मी याच दाराकडे बघून हीच हाक मारली. आणि तू यायचास. हेही खरं आहे, तू दर वेळी यायचास, पेपर हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून.

दारात दीपा उभी होती, सीरियलचा बाउल हातात घेऊन. तिने ऐकलं होतं. गाडी सुरूच होती.

कुमार, विनीताने फोन उचलला तेव्हा मला तुझा राग आला. तुम्ही दोघं हसलात तेव्हा आला, चोरीची तक्रार म्हणालास तेव्हा आला. ते सगळे राग मी पेलले, त्यांच्यावर काम केलं. पण त्या सकाळी जो आला, त्याला तोड नाही. माझा आनंदसुद्धा तू सोबत घेऊन गेला होतास आणि मला तोवर पत्ता नव्हता. त्याबद्दल मी तुला कधीही माफ करणार नाही. बाकी सगळ्याबद्दल कदाचित करीन.

मी इंजिन बंद केलं.

दीपा म्हणाली, 'व्हाय डिड यू टर्न इट ऑफ?'

'परत सुरू करायचीय म्हणून,' मी म्हटलं.

उतरले, हात पुसले, पुन्हा बसले आणि किक मारली. सुरू झाली. तोच आवाज. मी हँडल घट्ट धरून बसून राहिले, दाराकडे बघितलं नाही, आणि या वेळी कुणालाही हाक मारली नाही.

उत्तरा